शेंग फोडायला दोन हात लागतात

“याच्या उजव्या हाताला ताकद कधी यायची ओ मॅडम?”

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या हातांसाठी मी थेरपी देते, आणि हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ऐकते. कधी आई विचारते, कधी बाप, बहुतेक वेळा आजी. ज्याच्याबद्दल विचारणं चाललंय ते पोर समोरच बसलेलं असतं. डाव्या हातानं माझ्या टेबलावरचा शिक्का, पेन, पाण्याची बाटली, जे सापडेल ते ओढत असतं. उजवा हात मात्र कोपरात दुमडलेला, छातीशी धरलेला, अंगठा मुठीत. आजी तो हात आपल्या मांडीवर घेते आणि एकेक बोट सोडवून दाखवते. “हे बघा, असं केलं की उघडतंय. मी सोडलं की परत मिटलं.”

आजीच्या या दोन वाक्यांत अर्धं शास्त्र आलं. दुसऱ्यानं उघडला तर हात उघडतो, म्हणजे हाडं, सांधे, स्नायू अजून ठीक आहेत. स्वतःहून उघडत नाही, म्हणजे बिघाड हाताच्या बराच वर आहे, डोक्यात. सोलापुरात हे सांगायला मी जकार्डच्या मागाचं उदाहरण देते. माग उत्तम आहे, सूत उत्तम आहे, पण चादरीवर मोर यायचा तिथं भलतंच काहीतरी उमटतंय. जाणता कारागीर सूत बदलत बसत नाही. तो आधी वरची भोकांची कार्डं बघतो, कारण कुठला धागा कधी उचलायचा हे तीच ठरवतात. या मुलांच्या बाबतीत बिघाड कार्डात आहे, आणि आपण वर्षानुवर्षं सुताला तेल चोळत बसतो.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. आपल्याकडे सगळे नुसतं ‘सीपी’ म्हणतात, सरकारी कागदांवर ‘मेंदूचा पक्षाघात’ असं लिहितात. बाळ फार लवकर जन्मलं, गर्भात असतानाच मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, जन्मताना प्राणवायू कमी पडला, कावीळ फार चढली, नंतर मेंदूज्वर झाला, अशी कारणं अनेक. जन्मणाऱ्या हजार बाळांत साधारण दोन-तीन जणांना हे होतं. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढतं. हाडं लांब होतात, ताठ स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, म्हणून दोन वर्षांचा असताना सहज सरळ होणारा कोपर दहाव्या वर्षी अडायला लागतो. “आजार वाढलाय” असं घरच्यांना वाटतं ते यामुळे.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. एकाच बाजूला इजा झाली तर एक हात आणि एक पाय अडतो, त्याला हेमिप्लेजिया म्हणतात. हा लेख मुख्यतः या मुलांबद्दल आहे, कारण हातावरच्या उपचारांचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्याच बाबतीत जमा झालाय. बाकीच्या मुलांकडे शेवटी येते.

आता ‘ताकद’ या शब्दाकडे. मुठीचा जोर कमी असतो हे खरंच, पण तेवढंच नसतं. एक तर स्नायूंत ताण असतो, त्यामुळे हात मिटण्याकडे ओढला जातो. दुसरं म्हणजे निवड करता येत नाही. फक्त अंगठा आणि तर्जनी हलवायची असेल तर बाकीच्या तीन बोटांना गप्प बसवावं लागतं, आणि नेमका हाच आदेश खाली नीट पोचत नाही. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे स्पर्श. अशा मुलाला डोळे मिटायला सांगून त्या हातात रुपयाचं नाणं किंवा चावी ठेवून बघा. बऱ्याच जणांना काय आहे ते ओळखता येत नाही, काहींना तर काही ठेवलंय हेच कळत नाही. ज्या हाताकडून बातमीच येत नाही, त्याच्याकडे मेंदू कशाला लक्ष देईल?

काही मुलांत आणखी एक गंमत दिसते. डाव्या हातानं मूठ वळली की उजवीही आपोआप वळते. डाव्यानं बाटलीचं झाकण फिरवायला गेलं की उजवाही हवेत फिरतो. बाळ जन्मतं तेव्हा मेंदूच्या प्रत्येक बाजूकडून दोन्ही हातांकडे वाटा गेलेल्या असतात. पुढच्या काळात ज्या वाटेवर वर्दळ जास्त ती पक्की होते आणि उरलेली मोडून जाते. एका बाजूला इजा असेल तर तिथली वर्दळ मंदावते, धडधाकट बाजूची वाट टिकून राहते, आणि कधीकधी एकच बाजू दोन्ही हात चालवायला लागते. म्हणून आरशासारखी ही हालचाल. त्या पोराला “उजवा हात गप्प ठेव” म्हणून रागावू नका, ते मुद्दाम करत नसतं. पण या वाटांच्या भांडणातून एक गोष्ट समजते. जो हात वापरात राहतो तो आपली जागा धरून ठेवतो, आणि हे भांडण आयुष्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात जोरात चालतं.

मग चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. सवय.

अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाचे मानसशास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करत होते. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या. हलवण्याच्या नसा शाबूत होत्या, म्हणजे हात हलू शकत होता. तरी माकडांनी तो वापरणं सोडून दिलं. मग टॉबनी धडधाकट हात बांधून ठेवला, तेव्हा माकडं तोच ‘मेलेला’ हात वापरायला लागली. (हे प्रयोग पुढे फार वादात सापडले. १९८१ मध्ये मेरिलँडमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली आणि अमेरिकेतली प्राणीहक्कांची चळवळ त्यातूनच फोफावली. माकडांचे हाल विसरून नुसता निष्कर्ष उचलणं मलाही जड जातं.) निष्कर्ष असा, की अपयशातून ‘न वापरणं’ शिकलं जातं. हात पुढे केला, वस्तू पडली. परत केला, परत पडली. दुसऱ्या हातानं एका दमात जमलं. चार दिवसांत हिशोब पक्का झाला.

सीपीच्या मुलाचं याहून वाईट आहे. पक्षाघात झालेल्या आजोबांना आपला हात कसा चालायचा हे निदान आठवत तरी असतं. या मुलानं तो हात कधी नीट वापरलेलाच नाही, त्यामुळे आठवायलाही काही नाही. त्याच्या लेखी शरीराला एकच हात आहे आणि दुसरीकडे शर्टाची बाही भरायला काहीतरी लटकतंय.

टॉबच्या विचारातून जो उपचार निघाला त्यात चांगल्या हाताला काही वेळ सुट्टी द्यायची. त्यावर मोजा, झोळी किंवा हलकं प्लास्टर घालायचं आणि त्या वेळात दुसऱ्या हाताकडून खेळातून भरपूर काम करून घ्यायचं. आधी मोठ्यांवर, मग मुलांवर हे करून पाहिलं, आणि उपयोग होतो हे अनेक अभ्यासांत दिसलं. पण ऐकीव माहितीवर लोक काय करतात ते मी बघितलंय. एका घरात चांगला हात दिवसभर ओढणीनं बांधून ठेवला होता. पोराला ना धड खाता येत होतं ना खाज सुटली तर खाजवता येत होतं. दोन दिवस रडून रडून त्यानं तापच काढला. नुसता हात बांधणं हा उपचार नाहीच. बांधलेल्या वेळात दुसऱ्या हाताला काय आणि किती अवघड काम मिळतं, त्यात उपचार आहे. काम जेमतेम जमेल इतपतच अवघड हवं, दर वेळी थोडं वाढवायचं, आणि सगळं थेरपिस्टच्या नजरेखाली. स्वीडनमध्ये आन-क्रिस्टीन इलियासन यांच्या गटानं अगदी तान्ह्या बाळांसाठीही याचं सौम्य रूप तयार केलंय. दिवसातून अर्धा तास, आईच्या मांडीवर, खेळण्यांसोबत. चांगल्या हातावर साधा मोजा. बस.

मोजाच्या उपचाराची एक मर्यादा मात्र उघड आहे. जगात एका हातानं करायची कामं मुळात फार नाहीत, आणि आहेत ती या मुलाला चांगल्या हातानं उत्तम जमतात. त्याचं अडतं कुठे? दप्तराची चेन लावताना. पँट वर ओढताना. कुरकुऱ्याचं पाकीट फोडताना, पेन्सिलीला टोक करताना, पट्टीनं रेघ मारताना. ही सगळी दोन हातांची कामं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच धरलं. काहीही बांधायचं नाही. दिवसभर असे खेळ आणि अशी कामं, की दोन हातांशिवाय सुटकाच नाही. पत्ते वाटणं, मणी ओवणं, डबे उघडणं. रोज ६ तास, १५ दिवस, एकूण ९० तास. मोजा घालून तेवढेच तास केलेल्या मुलांशी तुलना केली तेव्हा हात दोन्हीकडे सारखेच सुधारले होते. मात्र मुलानं आणि घरच्यांनी स्वतः ठरवलेली कामं दोन हातांच्या गटाला जास्त चांगली जमायला लागली होती. मला यात नवल वाटत नाही. जे घोकावं तेच पाठ होतं. ऑस्ट्रेलियात अशी शिबिरं सर्कशीच्या थीमवर घेतली गेली. लंडनमध्ये तर मुलांना जादूचे प्रयोग शिकवतात. रुमाल गायब करायचा तर एका हातानं दाखवायचं आणि दुसऱ्यानं लपवायचं, आणि वर मित्रांसमोर भाव खाता येतो तो वेगळाच.

सोलापुरात सर्कस किंवा जादू आणायची गरज नाही. इथल्या प्रत्येक घरात शेंगा आहेत.

शेंग फोडताना स्वतःच्या हातांकडे एकदा बघा. एक हात शेंग धरतो, दुसरा टोक दाबतो. टरफल फुटलं की धरणारा हात शेंग जराशी फिरवतो आणि दुसरा दाणे काढतो. दोघांची कामं वेगळी, वेळ मात्र एकच. आम्ही एका हाताला कामाचा हात म्हणतो आणि दुसऱ्याला मदतीचा. उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया असलेल्या मुलात डावा हा कामाचा हात झालेला असतो आणि तो तसाच राहणार आहे. उजव्याला आपल्याला चांगला मदतनीस करायचंय. हे घरच्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो. त्यांना उजव्या हातानं अक्षर काढून हवं असतं. मी स्पष्ट सांगते, लिहायचं डाव्यानं. उजव्यानं वही धरली, पान सरकू दिलं नाही, की त्याची नोकरी पक्की.

मदतीच्या हातालाही बढती असते. सुरुवातीला नुसतं मनगट किंवा बाहीनं वही दाबून धरणं. मग चांगल्या हातानं मुठीत दिलेली वस्तू धरून ठेवणं. मग स्वतः जाऊन वस्तू पकडणं. मग पकडलेली वस्तू कामाप्रमाणे फिरवून देणं. ज्या मुलाची बढती जिथं अडलीय तिथून पुढचं काम द्यायचं. शेंगांमध्ये हे फार सुरेख जमतं. उकडलेल्या शेंगा मऊ असतात, अंगठ्याच्या हलक्या दाबानं उघडतात, तिथून सुरू करायचं. मग भाजलेल्या. मग वाळलेल्या कडक. सुरुवातीला मोठ्या तीनदाणी शेंगा निवडून द्यायच्या, नंतर बारक्या. एक इशारा मात्र द्यायला हवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या ज्या मुलाला गिळायला त्रास होतो त्याला अख्खे दाणे खायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. फोडायचे त्यानं, खायचे ताईनं.

कडक भाकरी हा माझा दुसरा आवडता ‘व्यायाम’. दोन हातांत धरून मोडली की ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि मूल खूश होतं. हात उघडायला आवाजासारखं आमिष नाही. टॉवेलची घडी घालणं तिसरं. या गावात टॉवेलांना तोटा नाही, आणि दोन कोपरे दोन हातांत धरून एकत्र आणणं म्हणजे डोळे, खांदे आणि बोटं सगळ्यांचीच परीक्षा. हुरड्याच्या दिवसांत भाजलेलं कणीस तळहातांत चोळायला द्यावं, अर्थात निवल्यावर. ज्या हाताला स्पर्श नीट कळत नाही त्याला चटकाही कळत नाही. विड्या वळणाऱ्या आजीचे हात बघण्यासारखे असतात, पान धरणं, वळणं, दोरा बांधणं, सगळं दोन हातांचं. पण तंबाखूच्या सुपाजवळ पोराला बसवू नका. त्याला रंगीत कागद द्या आणि त्याच्या नळ्या वळू द्या.

हे सगळं ‘टाइमपास’ वाटतं याची मला कल्पना आहे. मशीन लावलं, करंट दिला, मालिश केली की उपचार झाल्यासारखं वाटतं. १९४० च्या दशकात लंडनमध्ये करेल आणि बर्टा बोबाथ या जोडप्यानं जी पद्धत सुरू केली तिच्यातही थेरपिस्टचे हात मुलाची हालचाल घडवत. माझ्यासारख्या कित्येकींचं शिक्षण त्याच पद्धतीत झालं. ऑस्ट्रेलियातल्या इओना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सीपीवरचे जगभरातले अभ्यास तपासून उपचारांना सिग्नलचे रंग दिले. हिरव्यात कोण आलं? चांगल्या हाताला सुट्टी देणारा उपचार, दोन हातांचा सराव, मुलानं ठरवलेल्या कामाचा सराव, आणि घरी करायचा आखीव कार्यक्रम. दुसऱ्यानं हात ताणून देणं, हालचाल करवून घेणं हे मागे पडलं. साधं आहे. पोहणं शिकताना हात कुणीतरी हलवून देत राहिलं तर कुणी पोहायला शिकेल का? मालिश करा, मुलाला बरं वाटतं, आई-लेकराचा वेळ छान जातो. पण तिला उपचारांच्या तासांत धरू नका.

तासांचा हिशोब मात्र घालायला हवा, कारण सगळं तिथंच फसतं. मोहोळ किंवा अक्कलकोटहून एसटीनं येणारी आई आठवड्यातून एकदा येते, अर्धा तास मिळतो. एकही खाडा नाही असं धरलं तरी वर्षाचे २६ तास. यात गड्ड्याची यात्रा, मामाचं लग्न, पोराचा ताप धरलेलाच नाही. अभ्यास सांगतात की एखादं ठरवलेलं काम जमायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो, आणि हाताचा एकूण वापर सुधारायला ३० ते ४० तास, तेही थोड्या महिन्यांत. म्हणजे फक्त माझ्याकडे येऊन काही होणार नाही, हे मीच सांगायला हवं. घरी रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस केलं तर २४ आठवड्यांत ४० तास भरतात. नोव्हाक यांच्याच एका अभ्यासात घरच्यांनी महिन्यातून सतरा-अठरा वेळा, दर वेळी जेमतेम सोळा-सतरा मिनिटं काम करून घेतलं होतं. तेवढ्यानंही आठ आठवड्यांत फरक दिसला. अट एवढीच, की काम नेमकं ठरलेलं हवं.

आणि ते मुलानं ठरवलेलं हवं. यावर मी हटून बसते. सहा वर्षांच्या एका पोराला विचारलं, तुला काय यायला हवं? आई म्हणाली, लिहायला. आजी म्हणाली, उजव्या हातानं जेवायला. पोरगं खाली बघत म्हणालं, “शू लागली की चड्डी वर घ्यायला.” शाळेत दर वेळी ताईला हाक मारावी लागायची आणि मुलं हसायची. झालं, तेच पहिलं काम. इलॅस्टिक सैल केलं, दोन्ही बाजूंना बोट अडकेल असे नाडीचे फास शिवले, आधी घरी उभं राहून भिंतीला टेकून सराव. कसलंही बक्षीस द्यावं लागलं नाही. गरज त्याची होती.

आजीचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. डाव्या हातानं जेवणं आपल्याकडे चालत नाही, पंगतीत लोक बघतात, सिद्धेश्वराच्या देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की कुणीतरी बोलतंच. पण ज्याच्या उजव्या हाताची बोटं घासाला जुळत नाहीत त्याला उजव्यानं जेवायला लावणं म्हणजे दिवसातून दोनदा अपमान आणि अर्धपोटी उठणं. जेवण डाव्यानं होऊ द्या. उजव्यानं ताट धरू दे. प्रसाद ओंजळीत घेऊ दे. ओंजळीला डावं-उजवं नसतं, आणि दोन तळहात वर करून एकत्र आणणं ही आमच्या हिशोबानं फार वरच्या दर्जाची हालचाल आहे.

आणखी एक गोष्ट सोलापूरची. आम्ही थेरपिस्ट “धर, धर” म्हणत असतो आणि पोराच्या घरी कुणी “पट्टुको” म्हणतं, कुणी “हिडी”. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर सूचना त्याच भाषेत द्या. हाताला आधीच कष्ट आहेत, त्यात कानाला कशाला?

बोटॉक्सबद्दल हमखास विचारतात. हे इंजेक्शन फार ताठ झालेल्या स्नायूला नसेकडून जाणारा निरोप काही काळ अडवतं, स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. ही उघडलेली खिडकी समजा. त्या काळात भरपूर काम करून घेतलं तर फायदा, नाहीतर खिडकी मिटते आणि खर्च तेवढा उरतो. प्रत्येक मुलाला ते लागत नाही. स्प्लिंटचंही, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या पट्टीचंही, तसंच. अंगठा मुठीबाहेर ठेवणारा मऊ पट्टा काम करताना उपयोगी पडतो. पण रात्रभर कडक स्प्लिंट घालून सकाळी हात वापरात येत नाही, आणि घट्ट बसलेल्या स्प्लिंटखाली लाल वळ उठले तर तो काढून दाखवायला या.

दोन्ही हात अडलेल्या मुलांचं गणित वेगळं आहे. चार ते अठरा वर्षांच्या मुलांच्या हातांसाठी मॅक्स नावाची पाच पातळ्यांची मोजपट्टी २००६ मध्ये आली. परीक्षेत एकदा काय जमलं हे ती विचारत नाही, मूल रोजच्या वस्तू एरवी कशा हाताळतं हे बघते. पहिल्या पातळीवरचं मूल जवळपास सगळं करतं, तिसऱ्यावरच्याला कुणीतरी मांडून द्यावं लागतं, पाचव्यावरच्याला वस्तू हाताळताच येत नाहीत. चौथ्या-पाचव्या पातळीवर आधी बसणं नीट हवं. पाय टेकलेले, कंबर पट्ट्यानं धरलेली, समोर टेबल. बूड स्थिर नसेल तर हात तोल सांभाळण्यातच अडकतो. काही मुलांचे हात सतत वळवळत राहतात, विशेषतः जन्मानंतरच्या जबर काविळीमुळे ज्यांना सीपी झालाय त्यांचे. त्यांना जाड मुठीचा चमचा, टेबलाला चिकटलेली वाटी, एका हातानं घट्ट धरायला खुंटी, अशी सोय लागते. एकच मोठं बटण दाबून पंखा किंवा गाणं चालू करता येणं हेही त्या हातासाठी काम आहे.

हे मात्र करू नका: हायपरबेरिक, म्हणजे जास्त दाबाच्या, ऑक्सिजनच्या टाकीत बसवणं. सीपीसाठी त्याचा उपयोग नाही हे तपासून झालंय आणि कानाला इजा होऊ शकते. स्टेमसेलची, म्हणजे मूळपेशींची, इंजेक्शनं विकणारेही भेटतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सीपीसाठी स्टेमसेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त संशोधनात, परवानगी घेऊन वापरता येतो आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. शेत विकायला निघालेल्या एका बापाला मी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा पटलं.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी. “आमचं बाळ आत्ताच डावखुरं आहे” असं सात-आठ महिन्यांच्या बाळाबद्दल कुणी कौतुकानं सांगितलं तर माझे कान टवकारतात. वर्षाच्या आत बाळानं एकच हात वापरणं हे कौतुकाचं नाही, तपासायचं लक्षण आहे. चार महिन्यांनंतरही मूठ सतत मिटलेली, किंवा नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही, हीही तशीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय जन्मतारखेपासून न मोजता, जन्मायला हवं होतं त्या तारखेपासून मोजा. “मोठं झालं की होईल नीट” म्हणून थांबू नका, वाटांचं ते भांडण तेव्हाच चाललेलं असतं. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, जिल्ह्याच्या केंद्राकडे ते पाठवतात. नाहीतर थेट सिव्हिलच्या बालरोग विभागात जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत सीपी आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. निरामय ही आरोग्यविमा योजना सीपीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे फार कमी घरांना माहीत असतं.

चड्डीवाल्या पोराची आजी परवा आली होती. चड्डी आता तो स्वतः वर घेतो, एक बाजू जरा खाली राहते. उजवा हात अजूनही चालताना कोपरात दुमडतो, पळताना जास्तच. पण संध्याकाळी आजी शेंगा घेऊन बसली की तोही शेजारी बसतो, उजव्या मुठीत शेंग खोचतो आणि डाव्या अंगठ्यानं फोडतो. मी विचारलं, “मग आजी, चाललंय ना रोज?”

“चाललंय की ओ,” ती म्हणाली, “पण चटणीला दाणेच उरेनात.”